थंडीतील डिस्क गोल्फचा हातमोजा: ऊब कोठे द्यायची आणि पकड कोठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत डिस्क गोल्फ खेळतात, म्हणजे गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी (डिस्क) फेकत टोपलीपर्यंत नेण्याचा खेळ. फ्लीसचे (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचे) अस्तर आणि तळव्यावर सिलिकॉनचे ठिपके असलेले हातमोजे त्यांनी वापरून पाहिले. परंतु डिस्क कधी वेळेआधी निसटते, कधी हातात अडकून भलत्या दिशेला जाते, आणि एवढे करूनही बोटे गारठतातच. आता ते स्वतः नमुना शिवून पाहणार आहेत आणि तळव्याला कोणते कापड घ्यावे, अस्तर किती जाड ठेवावे, आणि पटिंगला, म्हणजे टोपलीजवळच्या हलक्या फेकीला, मोजा ठेवावा का, असे त्यांनी विचारले आहे. खेळांच्या हातमोज्यांचे पॅटर्न बेतणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे आणि हिवाळ्यात मी हा खेळ खेळतोही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. कापड आणि अस्तर यांच्याकडे येईनच, पण मला वाटते की अडचण त्यांच्या आधीच्या पायरीवर आहे.

अडचण अशी की एकाच हातमोज्याकडून आपण दोन वेगळी कामे मागत आहोत. एक साधा हिशेब करून पाहा. अठरा होलच्या, म्हणजे अठरा टोपल्यांच्या, फेरीत सर्वसाधारण खेळाडूच्या साठएक फेकी होतात आणि फेरीला अडीच तास लागतात, म्हणजे दोन फेकींमध्ये सरासरी अडीच मिनिटे जातात. पिशवीतून डिस्क काढणे, बोटे बसवणे आणि फेकणे यांना मिळून दर फेकीला पाच-सात सेकंद धरले, तरी अडीच तासांपैकी जेमतेम सहा-सात मिनिटेच बोटे डिस्कवर असतात. उरलेला सगळा वेळ हात चालण्यात, थांबण्यात आणि दुसऱ्यांच्या फेकी पाहण्यात रिकामा असतो. बोटे गारठतात ती या रिकाम्या वेळात, आणि डिस्क निसटते ती त्या सहा-सात मिनिटांत. जाड अस्तराचा मोजा रिकाम्या वेळची सोय पाहतो आणि फेकीची वाट लावतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे की फेकणाऱ्या हातासाठी दोन वस्तू करा: आत एक पातळ, अंगाबरोबर बसणारा मोजा, आणि त्यावर क्षणात चढणारी व क्षणात निघणारी जाड, चार बोटे एकत्र राहणारी पिशवीसारखी खोळ.

अर्थात हे हवामानावर अवलंबून आहे. तापमान ५ अंशांच्या वर असेल आणि कोरडे असेल, तर मोजा मुळीच नको. कमरेला बांधायचा उबदार मफ (दोन्ही हात घालायची नळीसारखी पिशवी) किंवा खोल खिसा पुरतो आणि उघड्या बोटांची जाण कायम राहते. त्याखाली, साधारण उणे ५ पर्यंत, पातळ मोजा आणि खिसा यांवर भागते. उणे १० च्या खाली खोळ लागतेच. परंतु आकड्यांपेक्षा ओल अधिक महत्त्वाची आहे. शून्याच्या किंचित वर, भुरभुरत्या बर्फाचे पाणी होत असताना हाताचे जे हाल होतात, ते उणे ८ च्या कोरड्या दिवशी होत नाहीत. आपण कोणत्या थंडीत खेळता, हे प्रश्नात आकड्याने आले आहे. ओल किती असते तेही सांगितले असते, तर उत्तर अधिक नेमके देता आले असते. मी दोन्ही धरून लिहितो.

आता बोटे का गारठतात ते पाहू, कारण ऊब कोठे द्यायची हे त्यावरच ठरते. शरीराला थंडी जाणवली की ते सर्वप्रथम हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा आवळते. बोटांत उष्णता निर्माण करील असा स्नायू जवळजवळ नसतो. बोटे वळवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तेथून लांब कंडरा बोटांपर्यंत येतात. म्हणजे बोटांची ऊब ही रक्ताबरोबर वरून आलेली ऊब असते. वरूनच ती आली नाही, तर बोटांवर कितीही कापड गुंडाळले तरी ते थंडच वस्तू झाकून ठेवते. त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बोटांचे कौशल्य झपाट्याने घटते, आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शाची जाण बोथट होते. म्हणून मनगट आणि त्यावरचा निम्मा हात झाकणारी, अंगठ्यासाठी भोक ठेवलेली विणलेली बाही हा माझ्या दृष्टीने या सगळ्या रचनेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी भाग आहे. मनगटाशी रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळून जातात, आणि पकडीचा जोर देणारे स्नायू त्याच्याच वर असतात. ते थंड पडले की पकड ढिली होते आणि आपण दोष तळव्याच्या कापडाला देतो.

बोटांवर जाड अस्तर न घालण्याला आणखी एक कारण आहे. बोट ही एक बारीक दांडी आहे. बारीक दांडीवर अस्तर चढवत गेले की बाहेरचे क्षेत्रफळही वाढत जाते, त्यामुळे दुप्पट जाडीची ऊब दुप्पट मिळत नाही. चार बोटे एका खोळीत एकमेकांना लागून राहिली की त्यांचे एकूण उघडे क्षेत्रफळच कमी होते. म्हणून खोळ सुट्या बोटांच्या मोज्यापेक्षा केव्हाही उबदार असते. शिवाय ऊब धरतो तो कापडात अडकलेला स्थिर हवेचा थर. डिस्कची कड आवळून धरली की बोटाच्या आतल्या बाजूचे फ्लीस दाबले जाते, हवा निघून जाते आणि नेमक्या त्या जागी अस्तर असून नसल्यासारखे होते. तेथे ते ऊबही देत नाही आणि जाणही राहू देत नाही.

हाताची पाठ मात्र मोकळी असते. तिच्यावर दाब पडत नाही आणि वारा बहुधा तिलाच लागतो. म्हणून पाठीला वारा अडवणारे पातळ कापड आणि त्याखाली मध्यम जाडीचे फ्लीस घ्या. तळव्याच्या बाजूला अस्तर मुळीच घेऊ नका. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या वापरणार असाल, तर त्यांचा कप्पा खोळीच्या आत, हाताच्या पाठीच्या बाजूला ठेवा. त्या पुड्या हवेतील ऑक्सिजनशी लोखंडाचा संयोग होऊन तापतात; कप्पा हवाबंद केला तर त्या विझतात. त्या ५० अंशांच्या वर जाऊ शकतात, म्हणून पुडी आणि त्वचा यांच्यामध्ये एक कापड हवेच. विजेवर तापणारे मोजे मी करून पाहिले. मनगटावर बॅटरीचे वजन आले की फेकीची लय बदलते, आणि थंडीत बॅटरीचा दमही कमी होतो. तो नाद मी सोडला.

आता पकडीकडे. येथे बहुतेकांची समजूत अशी असते की जितके चिकट तितके चांगले. जोरदार बॅकहँड फेकीत, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन बाहेर फेकताना, डिस्क कशामुळे हातात राहते ते पाहा. १७५ ग्रॅमची डिस्क सुमारे ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीतून सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत आहे असे धरले, तर तिला धरून ठेवायला स्थूलमानाने १०० न्यूटन बल लागते, म्हणजे दहा किलोचे वजन बोटांवर टांगल्यासारखे. हे बल मुख्यतः पेलतो तो बोटांचा आकडा: डिस्कच्या कडेच्या आतल्या भिंतीला अडकलेली बोटे. घर्षण मदत करते, पण त्याचे खरे काम अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत आहे, जेथून डिस्क सर्वांत शेवटी सुटते.

आणि ती सुटली पाहिजे, प्रत्येक वेळी त्याच क्षणी. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर हात एका मिलिसेकंदात सुमारे दीड अंश वळतो. म्हणजे चिकट कापडाने डिस्क एकच मिलिसेकंद जास्त धरली, तर ८० मीटरवर ती दोन मीटर बाजूला जाते. खेळाडू ज्याला ग्रिप लॉक म्हणतात तो हाच प्रकार, आणि आपली डिस्क ‘हातात अडकून भलत्या दिशेला जाते’ तीही बहुधा यामुळेच. चेंडू झेलण्यासाठी केलेले चिकट तळव्याचे मोजे म्हणूनच या खेळाला चालत नाहीत. तेथे वस्तू थांबवायची असते, येथे ती सोडायची असते. अल्टिमेटचे, म्हणजे डिस्क एकमेकांकडे फेकत खेळायच्या सांघिक खेळाचे, मोजे त्या मानाने जवळचे आहेत, पण त्या खेळात झेलावेही लागते, म्हणून त्यांचा सगळा तळवा पकडीचा असतो. आपल्याला तेवढी गरज नाही. अंगठ्याचे पहिले पेर, तर्जनी आणि मधले बोट यांच्या आतल्या बाजूची वरची दोन पेरे, एवढ्या जागी पकडीचे कापड पुरते.

कोणते कापड, याचे एकच एक उत्तर नाही, पण पर्याय मोजके आहेत. पातळ मेंढीचे कातडे, जे गोल्फच्या मोज्यांना वापरतात, ते कोरड्या थंडीत उत्तम जाण देते. भिजले की बुळबुळीत होते आणि वाळल्यावर ताठते. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचे कृत्रिम स्वेड, म्हणजे बारीक लव असलेले चामड्यासारखे कापड, ओलीत अधिक टिकाव धरते आणि एकसारखे वागते. मी स्वतः बहुतेक नमुने त्यातच करतो. ओल जास्त असेल, तर विणीच्या कापडावर फेसाळ नायट्राइलचा (एका कृत्रिम रबराचा) लेप दिलेले कामगारी मोजे पाहा. त्या लेपाला असलेली बारीक छिद्रे पाण्याचा थर शोषून बाजूला घेतात. १८ गेजच्या विणीचे निवडा, कारण गेज जितका अधिक तितकी वीण बारीक आणि कापड पातळ. सुरुवातीच्या प्रयोगासाठी अशा मोज्याची बोटे कापून घेतली तरी चालतात.

ठिपक्यांबद्दल सांगायचे तर, आपल्या मोज्यावरचे ठिपके सिलिकॉनचेच होते का, याची मला शंका आहे. स्वस्त मोज्यांवर बऱ्याचदा पीव्हीसीचे ठिपके असतात. मोजा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि काढल्याबरोबर ठिपक्यावर नख दाबा. सिलिकॉन खूप खालच्या तापमानापर्यंत मऊ राहते. पीव्हीसी टणक होते आणि नखाखाली टिचकीसारखा आवाज येतो. टणक ठिपका म्हणजे डिस्क आणि बोट यांच्यामध्ये ठेवलेले बारीक छर्रे. अस्सल सिलिकॉनची अडचण वेगळी: ते सुरुवातीला फार धरते, मग धूळ चिकटली की अचानक सोडते, आणि हे एकाच फेरीत घडते. डिस्कचे प्लास्टिकही थंडीत कडक आणि गुळगुळीत होते, हे विसरू नका. हिवाळ्यात मऊ प्लास्टिकची डिस्क घेतली तर मोज्याचे निम्मे काम ती करते.

कापडांची तुलना हाताने चोळून करू नये; हात फसवतो. मी वापरतो ती पद्धत घरी करता येण्यासारखी आहे. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याच्या तळाला कापड ताणून बसवायचे, त्यावर अर्धा किलोचे वजन ठेवायचे आणि जुन्या डिस्कच्या सपाट पृष्ठभागावरून स्प्रिंगच्या काट्याने तो ओढायचा. दोन आकडे लिहायचे: ठोकळा हलू लागतो तेव्हाचा आणि सरकत राहतो तेव्हाचा. मग तेच फ्रीझरमधून काढलेल्या कापडावर व डिस्कवर, आणि मग दोन्हींवर पाणी शिंपडून. मोठा आकडा देणारे कापड मी निवडत नाही. ज्याचे दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत आणि ओले-कोरडे, थंड-ऊबदार यांत फारसे बदलत नाहीत, ते निवडतो. सिलिकॉनच्या छपाईवर काटा आधी खूप वर चढतो आणि मग धक्क्याने खाली येतो. तो धक्का पाहिला की ग्रिप लॉक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कृत्रिम स्वेडवर काटा चढतो कमी, पण हालचाल सुरू झाल्यावर जवळपास तेथेच राहतो.

आता बेतणे आणि शिवण, कारण नमुने बहुधा येथेच बिघडतात. माझ्या सुरुवातीच्या एका नमुन्यात कापड उत्तम होते, माप बरोबर होते, आणि तरीही दर आठ-दहा फेकींमागे एक डिस्क उजवीकडे जाई. दोन आठवडे मी कापडे बदलत राहिलो. शेवटी मोजा दिव्याखाली धरला तेव्हा तर्जनीच्या टोकावर, आडव्या शिवणीच्या जागी, एक चकचकीत बारीक रेघ झिजलेली दिसली आणि तिच्या मध्यावर दोन टाके तुटलेले होते. सुटताना डिस्कची कड प्रत्येक वेळी त्या शिवणीला घासत होती आणि कडेवरचा एखादा ओरखडा तिला अडकत होता. तेव्हापासून अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची आतली बाजू मी एकाच तुकड्यात घेतो, तो टोकावरून वळवून नखाच्या बाजूला नेतो आणि शिवण तेथे पाडतो. फोरहँड, म्हणजे तळवा पुढे ठेवून अंगाच्या बाजूने, फेकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्यांची डिस्क मधल्या बोटाच्या कुशीला टेकते, आणि बोटांच्या मधली पट्टी जोडणारी शिवण नेमकी तेथूनच जाते. ती शिवण पाठीकडे सरकवा.

बोट सरळ ठेवून मोजा बेतू नका. बोट वळले की पाठीकडचे अंतर सेंटिमीटरभर तरी वाढते आणि आतले कमी होते. सरळ बेतलेल्या मोज्यात पाठीचे कापड ताणते, आतले गोळा होते, आणि त्या सुरकुत्या कडेखाली सापडतात. आतली बाजू आखूड आणि पाठ लांब घ्या. सांध्यांजवळ पाठीला चुण्या किंवा ताणणारे कापड द्या. माप घेताना मूठ अर्धी वळलेली असावी, आणि शक्य तर थंडीतच घ्यावे. गारठल्यावर बोटे किंचित आक्रसतात, अंगठी सैल होते ती म्हणूनच; ऊबेत घेतलेल्या मापाचा मोजा मैदानावर टोकाशी सुटा पडतो. टोकाशी दोन मिलिमीटर रिकामे कापड राहिले तरी डिस्क त्या कापडावर फिरते. याउलट मनगटाचा पट्टा घट्ट नको; घट्ट पट्टा रक्त अडवतो आणि ज्यासाठी सारे केले तेच जाते. खोळ मात्र सैलच हवी, एवढी की हात तिच्यात न पाहता शिरावा.

ओलीबद्दल एक आकडा सांगतो. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता नेते. पाव ते अर्धा किलोच्या हाताचे तापमान त्याने दीड ते अडीच अंशांनी खाली येऊ शकते. मोज्यात मुरलेला घामही यात मोजावा. म्हणून पाठीला निओप्रीन (फेसाळ कृत्रिम रबराचे कापड) घेऊ नये असे माझे मत आहे. वारा ते छान अडवते, पण घाम आत ठेवते आणि चढण चढून उतरल्यावर हात गार पडतो. कापूस तर कोठेच नको. सोबत दोन मोजे आणि दोन फडकी न्या: एक फडके डिस्कसाठी, एक मोज्याच्या बोटांसाठी. पहिला मोजा ओला वाटला की काढून छातीजवळच्या आतल्या खिशात ठेवावा. खडूची किंवा तत्सम भुकटी मोज्यावर लावू नका. ती छिद्रांत बसते आणि कापड कायमचे गुळगुळीत होते.

पटिंगचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. येथे माझे मत मोज्याच्या बाजूचे नाही. पट हळू असतो, त्यात बल कमी आणि जाण अधिक लागते. खोळीतून नुकतीच निघालेली उबदार, उघडी तर्जनी कोणत्याही कापडाला हरवते. म्हणून तर्जनी आणि अंगठा यांची टोके मागे दुमडून लहानशा चुंबकाने पाठीवर थांबतील अशी रचना मी करतो. दुमडीची घडी नखाच्या बाजूला यावी, आतल्या बाजूला तिचा मागमूस असू नये. काही चांगले खेळाडू मात्र फेकीला आणि पटला एकच स्पर्श हवा म्हणून मोजा तसाच ठेवतात, आणि सवयीपुढे माझे तर्क चालत नाहीत. न फेकणाऱ्या हाताला यातले काहीच नको. त्याला सरळ जाड खोळ द्या. त्यामुळे जोडी दोन वेगळ्या मोज्यांची होते. विकायला ठेवणाऱ्याला हे परवडत नाही, डावऱ्यांचा साठा वेगळा करावा लागतो. स्वतःसाठी शिवणाऱ्याला ही अडचणच नाही.

स्पर्धांत खेळत असाल तर नियमाचेही पाहा. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या नियमांत फेकीला थेट साहाय्य करणारे साधन वर्ज्य आहे, पण त्वचेचे घासण्यापासून रक्षण करणाऱ्या वस्तूंत हातमोज्यांना स्पष्ट मुभा आहे. तेव्हा कापड आणि शिवण यांवर बंधन नाही; बोटाच्या टोकाला कडक आकडा किंवा कडेत बसणारी खाच असले काही मात्र करू नका.

अस्तराचे उत्तर आता एका वाक्यात देता येते: फेकणाऱ्या तीन बोटांच्या आतल्या बाजूला शून्य, अनामिका आणि करंगळीला पातळ विणीचा एक थर, पाठीला मध्यम फ्लीस, खोळीला जितके जाड झेपेल तितके. शिवायला बसाल तेव्हा आधी बाही आणि खोळ करा, आणि उघड्या हाताने दोन-तीन फेऱ्या त्यांवर खेळून पाहा. पातळ मोज्याची गरज त्यात कदाचित निम्म्यावर येईल. मग मोजा. तो झाल्यावर एकाच डिस्कने, एकाच जागेवरून, तीस फेकी मोज्याने आणि तीस उघड्या हाताने, आलटून पालटून दहा-दहाच्या गटांत फेका. अंतर मोजू नका. नेमलेल्या रेषेच्या डावी-उजवीकडे किती पावले डिस्क पडली, तेवढेच लिहा. मोज्याच्या फेकी सगळ्याच थोड्या एका बाजूला पडत असतील तर काळजी नाही, त्या अंगवळणी पडतात. त्या विखुरत असतील, तर कापड बदलण्याआधी तर्जनीच्या टोकाची शिवण दिव्याखाली धरून पाहा.